‘माझं बोलून झालं की मग कर चेष्टा’: ईयोब २१:३ चा अर्थ आणि वापर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी गेली, पाठोपाठ घरात आजारपण आलं. मंडळीतले (चर्चमधले) काहीजण आणि नातेवाईक म्हणतात, ‘काहीतरी पाप लपवलेलं असणार, नाहीतर विश्वास कमी पडतोय.’ आपली बाजू सांगायला तोंड उघडलं की एकमेकांकडे बघून हसतात, ‘झालं पुराण सुरू’ म्हणतात. बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं २१:३ वाचनात आलं. तिथे मुलंबाळं, संपत्ती आणि आरोग्य गमावलेला ईयोब सांत्वनाला आलेल्या तीन मित्रांना म्हणतो की मला बोलू द्या, मग खुशाल थट्टा करा. हे वैतागून म्हटलेलं आहे की यातून काही घेता येईल? आणि घ्यायचं तर वागायचं कसं?

वैताग त्यात आहेच, पुढच्याच वचनात ईयोब स्वतः तसं कबूल करतो. पण ही मागणी वैतागातून निसटलेली नाही, फार मोजून केलेली आहे. एकविसाव्या अध्यायापर्यंत ईयोबाने मित्रांकडे बरंच काही मागून पाहिलं होतं: दया करा, गप्प बसा, माझी चूक दाखवून द्या. काहीच मिळालं नाही. इथे तो मागणी कमी करत करत इतकी छोटी करतो की ती नाकारणाऱ्याला स्वतःचीच लाज वाटावी. हसू नका असं तो म्हणत नाही. फक्त क्रम बदला म्हणतो: आधी ऐका, हसणं नंतर.

मूळ हिब्रूच्या जवळ राहून वचन मराठीत आणलं तर साधारण असं होतं: ‘सोसा मला, आणि मी बोलतो, माझं बोलून झालं की मग कर चेष्टा.’ ‘सोसा’साठी जो शब्द आहे, नासा, त्याचा साधा अर्थ उचलणं, ओझं वाहणं. म्हणजे ईयोब नुसतं ‘परवानगी द्या’ म्हणत नाही. माझं बोलणं तुम्हाला जड जाणार आहे हे मला ठाऊक आहे, तरी थोडा वेळ ते उचलून धरा, असं तो म्हणतो. ऐकणाऱ्यालाही त्रास होतो हे आधीच मान्य करून टाकल्याने पुढचं दार थोडं किलकिलं होतं.

दुसरी बारीक गोष्ट व्याकरणाची आहे. ‘सोसा’ अनेकवचनी आहे, तिघा मित्रांना उद्देशून. ‘कर चेष्टा’ मात्र एकवचनी. वीस अध्याय उलटल्यावर ईयोब एकाएकी एकाच माणसाकडे वळतो, आणि तो माणूस बहुधा सोफर नामाथी, कारण आधीचा अख्खा विसावा अध्याय त्याचाच आहे. मराठीत आदरार्थी ‘करा’ आणि अनेकवचनी ‘करा’ सारखेच दिसतात, त्यामुळे भाषांतरात हा वळसा सहज हरवतो. त्यात आणखी एक मेख आहे. थट्टेसाठी इथे जो धातू आहे, लाअग, तोच सोफराने ११:३ मध्ये ईयोबावर फेकला होता: तू थट्टा करतोस आणि तुला कोणी लाजवू नये काय? ईयोब त्याचाच शब्द त्याला परत करतो, पण आरोप म्हणून नाही, सवलत म्हणून. तू मला थट्टेखोर म्हणालास ना, मग घे, थट्टेची पाळी तुझी, फक्त माझं झाल्यावर.

जुन्या ग्रीक भाषांतराने हे वचन उलटंच केलं आहे. तिथे शेवट ‘मग तुम्ही मला हसणार नाही’ असा येतो. भाषांतरकाराला ईयोबाची ती सवलत बहुधा खुपली असावी. पण जोर हिब्रूतल्या वाक्यातच आहे. ‘ऐकल्यावर तुम्ही हसणारच नाही’ ही हमी ईयोबाकडे नव्हती, तुमच्याकडेही नाही, आणि हमीवर उभी केलेली विनंती पहिल्या हसण्यालाच कोसळते.

आता मागे २१:२ पाहा. माझं बोलणं नीट ऐका, आणि हेच तुमचं सांत्वन होऊ द्या, असं तो म्हणतो. सांत्वनाचा हा धातू, नहम, या पुस्तकात पुन्हापुन्हा येतो. २:११ मध्ये अलीफज, बिल्दद आणि सोफर आपापल्या गावाहून निघाले ते याच कामासाठी. १५:११ मध्ये अलीफज स्वतःच्या भाषणाला देवाचं सांत्वन म्हणवून घेतो. १६:२ मध्ये ईयोब त्यांना त्रासदायक सांत्वनकर्ते म्हणतो. आणि एकविसाव्या अध्यायाच्या शेवटच्या, चौतिसाव्या वचनात तो विचारतो की असल्या पोकळ गोष्टींनी तुम्ही माझं सांत्वन कसं करणार? अध्याय ज्या शब्दाने उघडतो त्यानेच मिटतो. ईयोबाचं म्हणणं एवढंच की तुम्हाला खरंच सांत्वन करायचं असेल तर ते तुमच्या उत्तरात नाही, तुमच्या कानात आहे. शोकाच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक पाळकाने हे वचन खिशात ठेवावं, पण तो वेगळा विषय.

पाचव्या वचनात तो आणखी एक मागतो: माझ्याकडे पाहा. याआधी ६:२८ मध्येही तो हेच म्हणाला होता. दुसऱ्या अध्यायात मित्रांनी त्याला दुरून पाहिलं, तो ओळखू आला नाही, तेव्हा ते मोठ्याने रडले, झगे फाडले, डोक्यावर धूळ उधळली, आणि सात दिवस सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. ते पाहत होते तोवर त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं. सिद्धांत सुरू झाला तशी नजर ईयोबावरून सुटली. पापी माणूसच दुःख भोगतो, ईयोब दुःख भोगतो, म्हणून ईयोब पापी, एवढं गणित एकदा मांडलं की समोरच्या माणसाकडे बघायची गरजच उरत नाही. तुमच्याकडे बघून हसणारे लोक दुष्ट असतीलच असं नाही. तुमची गोष्ट खरी निघाली तर त्यांचं गणित मोडतं, आणि उद्या आपल्यावरही असं काही येऊ शकतं हे त्यांना मान्य करावं लागतं. ६:२१ मध्ये ईयोब हेच बोलून दाखवतो: तुम्ही माझी आपत्ती पाहता आणि घाबरता. बरंचसं हसणं हे त्या भीतीवर ओढलेलं पांघरूण असतं.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते.

सगळ्यांना एकत्र गाठू नका. घोळक्यात हसणारा माणूस एकटा समोर बसला की क्वचितच हसतो. ज्याचं बोलणं सर्वांत जास्त लागलं आणि ज्याचं इतर ऐकतात, असा एकजण निवडा. उपासना संपल्यावर चपला घालता घालता हा विषय काढू नका, लग्नाच्या मांडवात नको, आणि मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर अजिबात नको; तिथे ‘माझ्याकडे पाहा’ हे शक्यच नसतं. समोरासमोर बसा. बरोबर कुणाला न्यायचं असेल तर दोघांनाही मान्य असलेलं माणूस न्या, तुमचा वकील नको.

वेळ आधीच सांगा आणि तो थोडाच मागा. एकविसावा अध्याय ३४ वचनांचा आहे, मोठ्याने वाचायला साधारण पाच मिनिटं लागतात. तेवढंच माप धरा. वाक्य साधं ठेवा: ‘काका, मला पाच मिनिटं द्या. मध्ये थांबवू नका. पटलं नाही तर नंतर सांगा, हसायचं असेल तरी नंतर हसा. मी तेव्हा उलट बोलणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य सर्वांत अवघड आहे आणि तेच लोक गाळतात. सवलत द्यायची तर खरी द्यावी लागते. पाच मिनिटांनी समोरचा खरंच हसला आणि तुम्ही उसळलात, तर पुढच्या वेळी पाच मिनिटं मिळणार नाहीत.

त्या पाच मिनिटांत काय बोलायचं हेही याच अध्यायातून घेता येतं. सहा वचनं विनंतीची झाल्यावर ईयोब आपल्या जखमांबद्दल बोलतच नाही. तो वस्तुस्थिती मांडतो: दुष्ट लोक जगतात, म्हातारे होतात, त्यांचं बळ वाढतं. त्यांचा बैल फळवतो तो वाया जात नाही, गाय गाभडत नाही. त्यांची लेकरं डफ आणि वीणेच्या तालावर नाचतात. हे कुणाच्याही गावात, कुणालाही दिसणारं आहे. मग १७ व्या वचनात तो बिल्ददाचं म्हणणं उचलतो. दुर्जनांचा दिवा विझतो, असं बिल्दद १८:५ मध्ये म्हणाला होता. ईयोब विचारतो, किती वेळा विझतो? ‘तू खोटं बोलतोस’ असं नाही, ‘किती वेळा?’ असं. १९ व्या वचनात तो मित्रांकडून पुढे येऊ शकणारं उत्तरही स्वतःच मांडतो, की देव दुर्जनाची शिक्षा त्याच्या मुलांसाठी राखून ठेवतो, आणि मगच ते खोडतो. २९ व्या वचनात तो बाहेरचे साक्षीदार बोलावतो: वाटसरूंना विचारलं नाही का तुम्ही? ज्यांचा या भांडणात काही स्वार्थ नाही, चार गावं बघून आलेले लोक.

तुमच्या बाबतीत याचा अर्थ असा. भावना आधी नको, घडलेलं आधी. नोकरी कोणत्या महिन्यात गेली, तिथून आणखी किती लोकांना काढलं, डॉक्टरांनी काय निदान केलं, तोवर तुम्ही काय काय केलं. मग समोरच्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, न वाकवता सांगा: ‘तुमचं म्हणणं असं की पाप लपवल्याशिवाय एवढं होत नाही.’ त्याने मान डोलावली की विचारा: ‘आपल्या मंडळीत आजारी पडलेल्या प्रत्येकाबद्दल तुम्ही हे म्हणाल का?’ नाव घेऊन उदाहरण देऊ नका. नाव घेतलं की चर्चा त्या माणसाच्या पापांवर जाते आणि तुमची पाच मिनिटं संपतात. ही सगळी मांडणी आदल्या दिवशी कागदावर लिहा. एका पानात बसत नसेल तर कापा. ईयोबालाही आपले शब्द लिहून निघावेत, लोखंडी लेखणीने आणि शिशाने खडकावर कोरले जावेत, असं वाटलं होतं (१९:२३-२४). तुम्हाला एक फुलस्केप पुरे.

हे सगळं कुठे बिघडतं तेही पाहा.

पहिली चूक म्हणजे उपहासाला उपहासाने उत्तर. ही ईयोबाकडूनच झाली आहे. १२:२ मध्ये तो म्हणतो, तुम्हीच काय ते लोक, तुमच्याबरोबर शहाणपणही मरेल! वाक्य चुरचुरीत आहे, लोकांना पाठ असतं. पण त्याचा परिणाम काय झाला? पंधराव्या अध्यायात अलीफज तेच परत फेकतो: सर्वांत आधी जन्माला आलेला माणूस तूच का? आम्हाला ठाऊक नाही असं तुला काय ठाऊक आहे? पहिल्या भाषणात हाच अलीफज किती जपून, चाचपडत बोलला होता ते चौथ्या अध्यायात वाचा, म्हणजे टोमण्याची किंमत कळेल.

दुसरी चूक, एका बैठकीत मत बदलेल अशी अपेक्षा. २१ व्या अध्यायानंतर लगेच बाविसावा येतो, आणि त्यात अलीफज अधिकच कडवा होतो. आता तो पापं शोधतही नाही, सरळ रचतो: भाऊबंदांचं गहाण विनाकारण अडकवलंस, उघड्यांची वस्त्रं काढून घेतलीस, तहानलेल्याला पाणी दिलं नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने घालवलंस. मुद्द्याला उत्तर नसलं की माणूस चारित्र्यावर येतो. असं झालं तर त्याच क्षणी उत्तर देऊ नका. ईयोब नऊ अध्यायांनी उत्तर देतो, एकतिसाव्यात, आणि तेही एकेक कलम घेऊन: गरीब, विधवा, पोरके, वस्त्र, भाकर, शेतजमीन. शेवटी ३१:३५ मध्ये म्हणतो, ही माझी सही, सर्वसमर्थाने मला उत्तर द्यावं. तुमच्यावर पैशांचा किंवा वर्तनाचा ठरावीक आरोप झाला, तर त्याचं उत्तरही असंच कलमवार, लेखी आणि सहीनिशी द्यावं, मंडळीच्या कमिटीकडे, पोच घेऊन.

तिसरी चूक आपल्या भक्त मंडळींत फार दिसते: वचनाचंच हत्यार करणं. ‘तुम्ही ईयोबाचे मित्र आहात’ असं तोंडावर म्हणणं. म्हणजे आपण ईयोब, समोरचा दोषी, खटला संपला. असं म्हणून आजवर कुणी ऐकायला बसलेलं नाही. २१:३ मनात ठेवा, पाच मिनिटं मागताना वापरा, त्याचा आकडा सांगू नका.

प्रत्येक हसणाऱ्याकडे पाच मिनिटं मागायचीच असंही नाही. यासाठी बायबलमधली बाकीची माणसं कामाला येतात. नहेम्या यरुशलेमची पडलेली भिंत पुन्हा बांधत होता, तेव्हा त्याचा विरोधक सन्बल्लट याने त्या बांधकामावरून यहूद्यांची थट्टा केली, तिथेही तोच लाअग धातू आहे. त्याचा साथीदार तोबीया म्हणाला, कोल्हा चढला तरी यांची भिंत ढासळेल. त्या वेळी नहेम्याने त्यांना एका शब्दाने उत्तर दिलं नाही. त्याने देवाकडे गाऱ्हाणं घातलं आणि भिंत अर्ध्या उंचीपर्यंत नेली. पुढे ५२ दिवसांत काम पुरं झालं. जिथे काम दिसण्यासारखं आहे तिथे बोलण्याची गरज कमी.

मूल नसलेल्या हन्नेचं पाहा. तिची सवत पनिन्ना वर्षानुवर्षं तिला चिडवत होती, तिला हन्नेने दिलेलं एकही उत्तर शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात नाही. एली याजकाने मात्र तिला प्यायलेली समजून झापलं, तेव्हा ती लगेच बोलली: नाही, माझ्या स्वामी, मी दुःखी स्त्री आहे, द्राक्षारस किंवा मद्य प्यायलेले नाही, परमेश्वरापुढे जीव ओतत होते. एलीने ऐकलं आणि शांतीने जा म्हणाला. पनिन्नेला दुखवायचंच होतं, एलीचा गैरसमज झाला होता. पाच मिनिटं एलीकडे मागा. आणि हेरोद राजासारखा कुणी नुसती करमणूक शोधत असेल, तर येशूने त्याच्यासमोर काय केलं ते लूक २३:९ मध्ये आहे: तो पुष्कळ प्रश्न विचारत होता, येशूने काहीच उत्तर दिलं नाही.

मध्येच कुणी टपकून बोललं तर काय करायचं, याचा उत्तम नमुना कैदेत असलेल्या प्रेषित पौलाचा आहे, प्रेषितांची कृत्ये २६ मध्ये. सुरुवातीलाच तो अग्रिप्पा राजाला धीराने ऐकण्याची विनंती करतो आणि कारणही देतो: यहूद्यांच्या चालीरीती आपल्याला ठाऊक आहेत. बोलणं रंगात आल्यावर रोमी सुभेदार फेस्त मोठ्याने ओरडतो की पौला, तू वेडा आहेस, फार शिकून तुझं डोकं फिरलंय. पौल एका वाक्यात उत्तर देतो: फेस्त महाराज, मी वेडा नाही, खऱ्या आणि शुद्धीच्या गोष्टी बोलतोय. मानाचं संबोधन गाळत नाही, दुसरं वाक्य फेस्तावर खर्च करत नाही, लगेच जाणत्या श्रोत्याकडे, राजाकडे वळतो. एवढं जमायला सराव लागतो. आरशासमोर दोनदा म्हणून बघा: ‘नाही मामा, तसं नाही. तर काका, मी काय सांगत होते…’

एक मर्यादा स्पष्ट असू द्या. हसण्याच्या पलीकडे मारहाण, धमकी, पैशांची अडवणूक किंवा घराबाहेर काढणं सुरू असेल, तर ते ईयोब २१:३ चं क्षेत्र नाही. पौलाने जिवावर बेतल्यावर कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. तुम्हीही पोलीस, वकील, महिला आयोग यांच्याकडे जा. त्यात विश्वास कमी पडत नाही.

चौथं वचन घाईत वाचलं जातं. माझी तक्रार माणसाकडे आहे का, असं ईयोब विचारतो. हे वाचलं की तिसऱ्या वचनातली ती सवलत कुठून आली ते कळतं. त्याचा खरा खटला मित्रांच्या दरबारात नाहीच. १६:२० मध्ये तो म्हणतो, माझे मित्रच माझी टर उडवतात, पण माझे डोळे देवापुढे गळतात. म्हणून ती पाच मिनिटं माणसाकडे मागण्याआधी तेच सगळं, त्याच शब्दांत, न सजवता प्रार्थनेत बोलून घ्या. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र १२३ घ्या. चारच वचनं आहेत, आणि सुखवस्तू लोकांच्या उपहासाने जीव विटला, असं त्यात म्हटलंय. एकदा तिथे बोलून झालं की माणसासमोर आवाज कमी चढतो.

सोफराचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुस्तकात तिघे मित्र फेऱ्याफेऱ्यांनी बोलतात; आज आपल्या हातात असलेल्या मांडणीत तिसऱ्या फेरीत अलीफज बोलतो, बिल्दद सहा वचनं बोलून थांबतो, आणि सोफर बोलतच नाही. काही अभ्यासक म्हणतात की त्याचं भाषण सत्ताविसाव्या अध्यायात मिसळून गेलं असावं. असेलही. पण जसं छापलं आहे तसं वाचलं, तर ज्याला ‘माझं झालं की कर चेष्टा’ म्हटलं होतं त्याने ती सवलत वापरलीच नाही.

४२:७ मध्ये परमेश्वर अलीफजाला सांगतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. तिघांनी सात बैल आणि सात मेंढे घेऊन जायचं आणि ईयोबाने त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. त्यांनी ईयोबाची माफी मागितल्याचं एकही वाक्य तिथे नाही. तो प्रार्थना करतो. मग अकराव्या वचनात त्याचे भाऊ, बहिणी आणि जुने ओळखीचे येतात, त्याच्या घरी जेवतात आणि त्याचं सांत्वन करतात. धातू पुन्हा तोच, नहम, मित्र जे करायला निघाले होते ते. त्यांचं भाषण नोंदलेलं नाही. प्रत्येकाने एक चांदीचं नाणं आणि एक सोन्याची अंगठी दिली, एवढं लिहिलंय.